वर्ध्याच्या उन्हात हीटर

वर्ध्याच्या उन्हात गाडीला हीटर कशाला, असं सगळ्यांनी मला हसून विचारलं. सिंदी मेघेतल्या त्या वेल्डरने नाही विचारलं. वडिलांच्या जुन्या गाडीत होता तसाच हीटर मला हवा होता. सायलेन्सरच्या नळीभोवती पत्र्याची पेटी बसवून तिच्यात तापलेली हवा गाडीत सोडायची, हे काम तो महिनाभर न बोलता करत होता. इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडाशी उदबत्ती धरायचा. गळतीने तिचा धूर हलला की पुन्हा वेल्डिंग.

शेवटच्या दिवशी हीटर तपासायला तो इंजिन चालू ठेवून गाडीत बसला आणि काचा लावू लागला. एखादा जोड कच्चा असता, तर विषारी धूर आतच कोंडला असता. मीही बसायला गेलो, तर म्हणाला, "तुमी काऊन बसता भाऊ? घरी तुमची वाट पाहून राह्यले असन."

"आणि तुमची?" मी विचारलं.

त्याने शेवटची काचही वर केली.