मागच्या चाकाचा लिंबाजी

पूर्णा जंक्शनवर मालगाडीचे डबे दुरुस्त करणाऱ्या लिंबाजी फिटरला फटफटी चालवता येत नव्हती. तरी पंचक्रोशीत कुणाच्या फटफटीचं काही बिनसलं, की ती त्याच्याच अंगणात यायची. ड्यूटीवरून आला, की चहाच्या आधी तो पाना हातात घ्यायचा. असल्या माणसाला बायको बोलणारच, आणि तानुबाई मनसोक्त बोलायची.

चौऱ्याहत्तर साली ढोरांचे डॉक्टर नागनाथ कंबर धरूनच त्याच्या दारात उतरले. चुडाव्यापासून पार चारठाण्यापर्यंत त्यांचा फटफटीवरून एकट्याचा दौरा. मागचे शॉकअप पार बसले होते आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जायचा. परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की फटफटी सोडा आणि कचेरीतलं टेबल घ्या. गाभण गाईच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय ज्याचा दिवस जात नाही, त्याला टेबल म्हणजे जन्मठेपच.

"एका महिन्याची मुदत मागितलीय," नागनाथ म्हणाले. "बघा काय होतंय का."

लिंबाजीने नांदेडच्या जुन्या बाजारातून जाड तारेच्या दणकट स्प्रिंगा आणून बसवल्या. मग रेल्वेतल्या रिवाजाप्रमाणे वजन टाकून पारख केली, म्हणजे स्वतःच मागे बसला. लिंबाजीचा देह चांगला भरलेला. गाडी कशी लोण्यावरून गेली. दोघेही खूश झाले.

चौथ्या दिवशी नागनाथ परतले, तेव्हा त्यांना खाली उतरवायला दोन माणसं लागली.

लिंबाजीचा चेहरा उतरला. दुसरा कुणी असता तर रस्त्याला शिव्या घालून मोकळा झाला असता. त्याने तानुबाईदेखत कान धरले.

"चूक माझी हाय, डॉक्टरसाब. भरल्या डब्याची स्प्रिंग रिकाम्या डब्याला लावली म्या. रिकामा डबा उड्या मारणारच. तुमी एकटेच जायलाव, आन मी माझं वजन धरून बसलो."

मग त्याने जुन्याच स्प्रिंगा परत चढवल्या आणि शॉकअप खोलले. आतलं तेल पाण्यासारखं झालं होतं. रोग तिथं होता. घट्ट तेल भरून तो भर दुपारी चुडाव्याच्या रस्त्यावर खड्ड्याशेजारी पालथा पडला, डोळे चाकाच्या उंचीला आणून. नागनाथांनी एकट्याने सावकाश गाडी न्यायची आणि खड्ड्यानंतर सीट किती वेळा हलते ते याने मोजायचं. पहिल्यांदा तीनदा हलली. पुन्हा खोललं, आणखी घट्ट तेल भरलं. दोनदा. जाणारे-येणारे बैलगाड्या थांबवून विचारायचे, माणूस पडलाय का? सलग चार दुपारी हा उद्योग चालला. शेवटी सीट एकदाच खाली गेली, वर आली आणि गप राहिली. धुळीने माखलेला लिंबाजी उठला आणि म्हणाला, "आता जावा चारठाण्याला."

नागनाथ गेले. आठवडा उलटला तरी त्यांचा पत्ता नव्हता, आणि लिंबाजीचं कामात लक्ष लागेना.

नवव्या दिवशी सकाळी नागनाथांची बायको सगुणाबाई एकटीच दारात आली. तिला पाहून लिंबाजी उठला आणि तिच्यामागे रस्त्याकडे बघू लागला.

"लिंबाजीभाऊ, काल दौऱ्यावरून आले," ती म्हणाली. "सहा महिने भिताडाला टेकून बसूनच झोपायचे. काल आडवे झोपले. अजून झोपलेतच. उठवू वाटंना, म्हणून मीच सांगाया आले."

 लिंबाजी नळावर गेला आणि धुतलेलेच हात पुन्हा धूत राहिला.