आजोबांचं वाकणं
आयर्लंडमधल्या नास गावात आमच्या वळणावर एका म्हाताऱ्या जपानी जोडप्याचं किराणा दुकान आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले ती चिकट तांदळासाठी, कारण मऊभाताला मला दुसरा चालत नाही. आजोबा पिशवी हातात दिली की कमरेतून वाकायचे. नुसत्या नूडल्स घेतल्या तरी तेच. मला संकोच वाटायचा आणि थोडा रागही यायचा. एवढं कशाला, बाबा?

इथे शववाहिका रस्त्यावरून निघाली की दुकानदार अर्धं शटर ओढून दारात उभे राहतात. आमच्या सांगलीलाही तसंच, तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नाही. आजोबा मात्र फुटपाथवर येऊन गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकलेले असायचे. गेलेला माणूस कोण, हेही त्यांना ठाऊक नसायचं. समोरचा खाटीक गालातल्या गालात हसायचा.

गेल्या हिवाळ्यात आजोबाच गेले. आजी म्हणाल्या, "गाडी थेट स्मशानात नेऊ. इथे आमचं कोण आहे?"

मी हट्टाला पेटले. "दुकानापुढूनच न्यायची."

त्या हो म्हणाल्या आणि मग मीच धास्तावले. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, तर या बाईला मी कोणतं तोंड दाखवणार? खाटकाला वेळ सांगून आले, तर तो म्हणाला, "ग्रँड." इथे साध्या 'बरं'लाही सगळे ग्रँडच म्हणतात, त्यावर काय विसंबायचं!

त्या सकाळी आजींचा हात धरून मी गाडीमागे चालत होते. वळण घेतलं आणि पाहतच राहिले. औषधांचं दुकान, सलून, पब, सगळ्यांची शटरं खाली. अर्धी नव्हे, पूर्ण. माणसं फुटपाथवर ओळीने उभी होती, आणि गाडी जवळ आली तशी एकेक जण कमरेतून वाकत गेला. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, मला आजही माहीत नाही. सवय नसलेलं वाकणं ते. कोणाचं पोट मध्ये येत होतं, कोणाला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

आजींनी माझा हात सोडला. प्रत्येक दुकानापुढे थांबून त्याही तशाच वाकू लागल्या. गाडीवाला त्यांच्यासाठी थांबून राहिला.

खाटीक एप्रनसकट रस्त्याच्या कडेला आला होता. त्याच्यापुढे आजी वाकल्या त्या वर उठेचनात. तोही उठेना. आधी कोणी उठायचं, हे दोघांनाही कळत नव्हतं.