आईचा डोळा आणि रिकामी पुडी

१९२९, माघ महिना, गुरुवार सकाळ. वाशीमच्या घरी हजर : आई, वडील, वहिनी आणि मी. मोठा भाऊ शेतावर.

मी तेव्हा नागपूरला तत्त्वज्ञानात पीएच.डी. करत होतो. विषय : पुढचं नक्की ठाऊक नसताना माणसाने विचारपूर्वक निर्णय कसा घ्यावा. घरात नेमका तसाच निर्णय आला होता. आईचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू. ऑपरेशन साधलं तर दिसेल, फसलं तर आहे तो उजेडही जाईल. अकोल्याच्या डॉक्टरांना मी विचारलं होतं, "दहांत किती जणांना दिसतं?" ते म्हणाले, "बऱ्याच जणांना." एवढ्यावर मी तीन वेळा तक्ता मांडला. तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

शेवटी वडिलांनी कौल लावायचं ठरवलं. आईला चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या, म्हणून वहिनीने पुड्या बांधल्या. एकीत ज्वारी, म्हणजे ऑपरेशन. दुसरीत तूर, म्हणजे नको. तिसरी रिकामी.

"रिकामी काहून?" मी विचारलं.

"देवालेबी नाही समजलं तर?" वहिनी म्हणाली. "तुमाले कुठं समजलं, भाऊजी? एवढे कागद काळे केले."

आईने देवापुढची एक पुडी उचलली, उघडून चाचपली. रिकामी.

"उद्या पुन्हा लावू," वडील म्हणाले.

"उद्या कायले?" आई म्हणाली. "रोज उठून खिडकीचे गज मोजतो मी. दिवाळीत पाच दिसत होते, आता दोन. असंच मोजत बसू का? अकोल्याले चला."

माझ्या तक्त्यात वाट पाहण्याला रकानाच नव्हता. ऑपरेशन नको म्हटलं की काही घडत नाही, असं मी धरून चाललो होतो.

रविवारी आम्ही मोटारीने निघालो. सामानाची यादी मी केली होती, काही विसरलं नाही. ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर डॉक्टरांनी समोर बोटं धरली आणि किती ते विचारलं.

"हात कुठं हाये तुमचा?" आई म्हणाली.

परतीच्या मोटारीत मी म्हणालो, "आपलं चुकलं."

"कायचं चुकलं? ठरवलं ते बराबर होतं. डोळा गेला, ते येगळं."

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात मला हेच सिद्ध करायचं होतं. मार्गदर्शकांकडून महिन्याची मुदत घेतली. युक्तिवाद कागदावर नीट उतरतो, पण उदाहरण म्हणून आईचं लिहायला घेतलं की पुढे सरकत नाही. आज मी पंचेचाळिशीत आहे. तीन प्रकरणं तयार आहेत. चौथं लिहायचं आहे.