सरसाच्या खोलीचं कुलूप

इटलीतल्या फाब्रियानोत जानो नदीकाठच्या कागदगिरणीत वेनान्झोला कुणी नावानं हाक मारत नसे. त्याला सगळे 'जीभ' म्हणत. "जीभ आली का?" "जीभ आज चिडलीय, जपून." यात चेष्टा कमी आणि मान जास्त होता. चिंध्यांचा लगदा साच्यातून निघतो, दाबाखाली पिळला जातो, दोरीवर वाळतो, पण तेवढ्यानं तो लिहिण्याजोगा होत नाही. शाई टेकवली की फुटते. त्याला सरसात बुडवावं लागतं. मेंढ्याबकऱ्यांच्या कातड्याचे तुकडे उकळून, गाळून काढलेला कोमट सरस आणि त्यात तुरटी. तुरटी कमी पडली तर सरस नासतो. जास्त पडली तर कागद दिसतो सुरेख, वाजतोही खणखणीत, पण घडी घातली की तुटतो.

किती घालायची याचं माप कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण कातडं रोज वेगळं, पाणी वेगळं, हवा वेगळी. वेनान्झो पळीभर सरस तोंडात घ्यायचा, टाळ्याला लावायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "अजून मूठभर." एकेचाळीस वर्षं हे चाललं होतं. त्याच्या हातचा कागद रोममधले वकील मागून घेत.

संशय हा मात्र त्याचा जोडधंदा होता. पाद्री वाइनमध्ये पाणी घालतो, घंटावाला जेवणाची सुटी संपल्याची घंटा मुद्दाम लवकर वाजवतो, बोचे हा चेंडूफेकीचा खेळ खेळताना न्हावी पायानं चेंडू सरकवतो, हे त्यानं सगळ्या गावाला सांगून झालं होतं. त्यातला न्हाव्याचा आरोप खरा होता, त्यामुळे बाकीच्या आरोपांवरचाही त्याचा विश्वास पक्का झाला. चार वर्षांपूर्वी बायको गेली. तिच्या समोर बोलून जे मोकळं व्हायचं ते आता आतल्या आत शिजू लागलं.

बायकोची धाकटी बहीण एर्सिलिया गिरणीतच होती. वरच्या माळ्यावर ओले कागद दोऱ्यांवर टाकायचे, खिडक्यांच्या फळ्या वाऱ्याप्रमाणे उघडायच्या आणि मिटायच्या, हे सगळं तिच्या हुकमानं चाले. हाताखाली सहा बायका. तिचं तोंड फटकळ होतं आणि वेनान्झोची भीडभाड तिला नव्हती.

"दाजी, आज कागद जरा जड लागतोय हाताला," ती जिन्यावरून ओरडायची.

"तुझा हात हलका झाला असेल. खात जा."

"खाते की. तुमच्यासारखी दिवसभर सरस नाही पीत."

सगळे हसायचे, तोही हसायचा. पण एर्सिलिया काय, कुठलीच बाई सरसाच्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे. बाईच्या हाताचा वारा लागला की सरस फाटतो, असं आमच्याकडे मानतात. का मानतात ते कुणी विचारत नाही. ओले कागद दारापर्यंत यायचे, तिथून पुढे बायकांचे.

त्या वर्षी सप्टेंबरात एकदा वेनान्झो जेवून परत आला तर पळी ओली होती. त्यानं ती खुंटीला डावीकडे तोंड करून टांगली होती, आता तोंड उजवीकडे होतं. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सरसाच्या कढईशेजारी बिनतुरटीच्या साध्या सरसाचा हंडा असे, त्याची पातळी दोन बोटं खाली गेली होती. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो. त्यानं लोहाराकडून कुलूप आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणसुद्धा आतून कडी घालून, सरसाच्या वाफेत बसून, तिथेच करू लागला.

तीन आठवड्यांत पहिली तक्रार आली. नोटरीनं वहीसाठी घेतलेले ताव शिवताना घडीवर तुटले होते. मग मठातून तसंच. मालक गास्पारे स्वतः खाली आला. बोलायला मऊ माणूस, आणि मऊ बोलतो तेव्हाच जास्त भीती वाटते असा. त्यानं एक ताव घेतला, वेनान्झोच्या डोळ्यांसमोर दुमडला, आणि त्याचे दोन तुकडे जमिनीवर टाकले.

"नोव्हेंबरात सान मार्तिनोच्या सणाला नोकरीचे करार बदलतात, वेनान्झो. तोवर हे कुणाचं काम आहे ते मला कळलं पाहिजे. ज्याचं असेल तो त्या दिवशी बाहेर. मग तो कुणी का असेना."

'कुणी का असेना' म्हणताना मालकानं आपल्याकडे बघितलं की खिडकीकडे, यावर वेनान्झोनं दोन दिवस विचार केला.

पाणी कुठेतरी मुरत होतं. कातडं पुरवणारा फात्झियो चांभारवाड्यातला कुजका माल आणत असेल. पण कुजक्या कातड्याचा वास लपत नाही. माळ्यावर जोराच्या वाऱ्यात खिडक्या उघड्या टाकल्या तरी कागद कडक होतो. म्हणजे एर्सिलिया. तिचा पुतण्या नदीपलीकडच्या गिरणीत नुकताच लागला होता. आता ती गिरणी नोटरीची गिऱ्हाइकी बळकावायला बघत होती, हे तर शेंबडं पोरही सांगेल. एकेक धागा जुळत गेला आणि वेनान्झोला एक प्रकारचं समाधान वाटलं. इतकी वर्षं जगाला नावं ठेवली ती काही उगाच नाही.

त्यानं सापळा लावला. एका मंगळवारी सरस चाखला, तुरटी घातली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज डोकं धरलंय, घरी जाऊन पडतो," आणि दार नुसतं लोटून निघाला. नदीकडून वळसा घालून मागच्या झरोक्यातून आत शिरला आणि कातड्याच्या पोत्यांमागे बसला. वास असा की डोळ्यांना पाणी यावं.

दार उघडलं. एर्सिलिया आत आली. तिनं मागं बघितलं, पुढं बघितलं, सरळ कढईपाशी गेली आणि बोट बुडवून जिभेला लावलं. तिचं तोंड वाकडं झालं. मग तिनं साध्या सरसाचा घडा भरला आणि कढईत ओतला. एक घडा. पुन्हा बोट. दुसरा घडा.

"धरली!" वेनान्झो पोत्यांमागून इतक्या जोरात ओरडला की साच्यावरची माणसं काम टाकून धावली. "बघा! डोळे उघडून बघा! माझा सरस पातळ करतेय ही! बायकोची बहीण म्हणून घरची मानली हिला!"

एर्सिलियाच्या हातातला घडा तसाच राहिला. दारात गर्दी, गर्दीमागे मालक. ती वेनान्झोकडे बघत राहिली.

"बोल की! पुतण्यानं शिकवलं ना?"

"दाजी," ती हळू आवाजात म्हणाली, "इथे नको."

"इथे नको तर कुठे? नदीपलीकडे?"

ती पुढे एक शब्द बोलली नाही. फटकळ तोंडाची बाई गप्प बसली, याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? मालकानं तिला तिथल्या तिथे माळ्यावरून काढून चिंध्यांच्या खोलीत टाकलं. सान मार्तिनोला दोन आठवडे होते, त्यानंतर तेही नाही.

वेनान्झोनं पुढचा घाणा डोळ्यांत तेल घालून काढला. कातडं स्वतः निवडलं, स्वतः गाळलं, चाखलं, तुरटी घातली, पुन्हा चाखलं, पुन्हा घातली. माळ्यावरच्या खिडक्या स्वतः जाऊन मिटल्या. पाच दिवसांनी कागद खाली आला तो पांढरा, नितळ, वाजणारा. त्यानं एक ताव दुमडला. तुटला. दुसरा तुटला. त्यानं गठ्ठ्याच्या मधला काढला, तळातला काढला. नुसती घडीची रेघ ओढली तरी काचेसारखा तडकत होता. इतका वाईट कागद त्या गिरणीत कुणी पाहिला नव्हता.

एर्सिलिया खोलीच्या जवळपासही नव्हती. आता राहिलं काय? वेनान्झोनं तुरटीचा खडा उचलून जिभेवर ठेवला. काही नाही. गारगोटी चाखावी तसं. आणि त्याला लख्ख दिसलं की तुरटीतच भेसळ आहे! खडूची असेल, नाहीतर संगमरवराच्या भुकटीची. म्हणून तर मूठ मूठ घालावी लागते! तो तसाच खडा मुठीत धरून फात्झियोकडे निघाला, कारण कातडी कमवायला फात्झियोही तुरटीच वापरायचा.

"चाट," तो म्हणाला.

"काय चाटू? वेड लागलं का?"

"चाट म्हणतो ना!"

फात्झियोनं जीभ लावली आणि त्याचं तोंड पिशवीची नाडी ओढावी तसं आवळलं. "थूः! मेल्या, तुरटी आहे की ही! पाणी दे!"

वेनान्झो डोळे बारीक करून बघत राहिला. नाटक करतोय. भेसळवाल्याशी याचं साटंलोटं असणार. अंगणात फात्झियोची सासू मसूर निवडत होती. जावयाशी तिचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. वेनान्झोनं खडा तिच्यापुढे धरला. म्हातारीनं चाटला आणि दात नसलेलं तोंड आणखी आत गेलं. ती जी शिव्या देत सुटली ती वेनान्झोच्या आजोबांपर्यंत पोचली. तेवढ्यात भिक्षा मागत एक कॅपुचिन साधू फाटकात आला. या घरातून त्याला कधी पावाचा तुकडा मिळाला नव्हता. वेनान्झोनं त्याच्याही तोंडाशी खडा नेला. साधूनं तो देवाचं नाव घेऊन चाटला आणि देवाचं नाव अर्ध्यावर सोडलं.

वेनान्झो तिघांकडे आळीपाळीनं बघत उभा राहिला. एकमेकांचं तोंड न बघणारी तीन माणसं एकाच कटात कशी असतील? त्यानं फार प्रयत्न केला, पण हे काही जुळेना. त्यानं खडा पुन्हा स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून वाट बघितली. काहीही आलं नाही. मग मात्र तो फात्झियोच्या ओट्यावर बसला.

चिंध्यांच्या खोलीत धुळीनं समोरचं माणूस दिसत नाही. एर्सिलिया तोंडाला फडकं बांधून शिवणी उसवत होती.

"किती दिवस?" वेनान्झोनं विचारलं.

तिला प्रश्न लगेच कळला. "दोन वर्षं तरी. आधी थोडं थोडं चुकायचं, घडाभरात भागायचं. मग तुम्ही कुलूप लावलंत."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एर्सिलियाला माझी जागा हवी."

तो नक्की हेच म्हणाला असता.

"मग त्या दिवशी? सगळ्यांसमोर मी तुला..."

"सगळ्यांसमोर काय सांगू दाजी? जीभ मेली म्हणून? गावात तुमचं दुसरं काय आहे?" तिनं फडकं खाली ओढलं. डोळे धुळीनं लाल झाले होते, का कशानं कोण जाणे. "आणि खरं सांगू? मला राग आला होता. म्हटलं, बसू दे बोंबलत."

वेनान्झो वर मालकाकडे गेला. मालकाच्या टेबलावर तुटलेल्या तावांचा ढीग होता.

"बघितलं मी," मालक मऊ आवाजात म्हणाला. "ती बाई गेली तरी हे असं. म्हणजे कातडं कुजकं. फात्झियोला बदलू, असंच ना?"

नुसती मान हलवायची होती. एकेचाळीस वर्षं कढईपाशी काढलेल्या माणसाची मान, मालकानं डोळे मिटून विश्वास ठेवला असता. फात्झियो काही त्याचा सगा नव्हता. एर्सिलिया तशीही जाणारच होती. वेनान्झोच्या मनात हे सगळं येऊन गेलं, आणि आलं याची त्याला आयुष्यभर लाज वाटली.

"कातडं चांगलं आहे," तो म्हणाला. "माझी जीभ गेली. तुरटीची चवच मला लागत नाही. दोन वर्षं एर्सिलिया माझ्या मागं सरस दुरुस्त करत होती. चांगला निघाला तो कागद तिचा, मालक. तुटला तो माझा."

मालकानं ढिगातला एक ताव उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई? कढईपाशी?"

"दोन वर्षं आहे. फाटला का सरस?"

सान मार्तिनोच्या आदल्या दिवशी सगळी गिरणी सरसाच्या खोलीच्या दाराशी गोळा झाली. मालकानं तोडगा काढला होता. कढईला हात पुरुष लावतील, एर्सिलिया फक्त चाखेल. वेनान्झोची जागा गेली. त्याला पोती उचलायला आणि विस्तव राखायला ठेवलं, आणि 'जीभ' म्हणायचं लोकांनी त्याच दिवशी सोडलं. ते त्याला फार लागलं.

एर्सिलियानं पळी तोंडाला लावली. साच्यावरची माणसं मान वाकडी करून बघत होती, सरस आत्ता फाटतो की मग, याची वाट पाहत. ती थुंकली. "कमी आहे," ती म्हणाली. "अजून थोडी."

खोटं बोलतेय, असं वेनान्झोच्या अगदी ओठांवर आलं. सगळ्यांसमोर मोठेपणा मिरवायला उगाच अजून मागतेय. त्यानं तोंडही उघडलं. मग ते मिटलं, आणि तुरटीचं पोतं उचलून तिच्यापुढे धरलं.