सारसाखालची ओळ

सुकरामचं चित्र तुमच्या गाडीवर आहे.

सुकराम मागच्या वर्षी आजच्या दिवशी मेला.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना या दोन गोष्टींचा संबंध माहीत नाही. तो माहीत नसण्याला मी जबाबदार आहे. म्हणून ही पोस्ट.

दोन सारस, एकाची मान वर, एकाची पाण्याकडे. मागे धानाची बांधी, पाण्याने भरलेलं भातखाचर. बाइकच्या टाकीवर, स्कूटीच्या डिकीवर, मुलांच्या टिफिनवर, बसच्या मागच्या काचेवर तो स्टिकर तुम्ही रोज पाहता.

तो सुकरामने काढला. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीत, बस स्टँडमागच्या एका खोलीत.

आधी तो झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचा. महाल, जंगल, तुरुंग. मग फ्लेक्स आले आणि पडदे गेले. तो कागदावर चित्रं काढू लागला. देवरीत कागदावरचं चित्र विकत घ्यायला कोण येणार?

स्टिकरची युक्ती त्याची स्वतःची. कोणी शिकवली नव्हती.

"बस नागपूरले जाते, सर. मी नाही जात. तं चित्रानं जावं."

चित्र विकलं गेलं की सोबत दोन स्टिकर द्यायचा. दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रांच्या दिवसांत गावोगावी जायचा आणि फुकट वाटायचा. पण हातात द्यायचा नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्याने गाडी पुसायची, स्टिकर लावायचा, अंगठ्याने हवा काढायची. मग म्हणायचा, "आता पाणी पडू दे."

त्या पहिल्या स्टिकरवर सारसाखाली एक ओळ होती.

सुकराम, चित्रकार, बस स्टँडमागे, देवरी. आणि मोबाईल नंबर.

फोन यायचे. रोज नाही, पण यायचे. साकोलीच्या एका शिक्षिकेने स्टिकर बसवर पाहिला आणि घरासाठी मोठं चित्र घेतलं. बालाघाटच्या एका डॉक्टरने दवाखान्याची भिंत रंगवून घेतली.

दुसऱ्या छपाईआधी तो नमुना घेऊन माझ्याकडे आला. मी कॉलेजात साहित्य शिकवतो. त्याला वाटायचं, मला कळतं.

मी म्हणालो, "चित्राखाली मोबाईल नंबर? तू काय पंखे दुरुस्त करतोस?"

तो हसला. "पंखेवाल्याले रोज फोन येते, सर."

"कलाकृती बोलते, सुकराम. नाव ओरडत नाही. ती ओळ काढ."

"काऊन? नाव खराब दिसते काय?"

"हो. खराब दिसतं."

त्याने नमुना लांब धरून पाहिला. मग म्हणाला, "तुमी म्हणता तं काढतो. पण सर, स्टिकर म्हंजे बोट दाखवणं हाय. कोनाकडे, ते सांगा लागते."

मला ते वाक्य आवडलं. वर्गात एकदा वापरलंही.

ओळ निघाली.

स्टिकर सुंदर झाला. इतका सुंदर की गोंदियातल्या एका रेडियमवाल्याने तो स्कॅन केला आणि स्वतः विकायला काढला. मी त्याच्या दुकानात गेलो.

"ये किसका है?"

"नेट का है, सर. पब्लिक मांगती है."

"इसे देवरी के एक आदमी ने बनाया है."

"नाम किधर लिखा है?"

त्याने स्टिकर उलटासुद्धा करून दाखवला. नाव मीच काढून टाकलं होतं.

सारस सगळीकडे गेला. फोन बंद झाले.

सुकरामला वाटलं, आपला हात गेला. लोकांना आता आवडत नाही. त्याने सारस काढणं सोडलं. नंतर चित्रं काढणंच सोडलं. एका धाब्याच्या भिंतीवर थाळीचे दर लिहायचं काम मिळालं, ते करायचा.

ही गोष्ट मी त्याला समजावून सांगू शकलो असतो. लोकांना आवडतं आहे, फक्त तू सापडत नाहीस, एवढंच. पण मग पुढचं वाक्य, ते कोणामुळे, हेही सांगावं लागलं असतं.

मग कावीळ. आधी झाडपाला, मग देवरी, मग गोंदिया. उशीर झाला होता.

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मला एका ओळीत चार गाड्यांवर सारस दिसला. वर जाऊन मी त्याला उत्साहाने सांगितलं. त्याची बायको फुलवंता पायाशी बसली होती.

तो डोळे न उघडता म्हणाला, "कोनी इचारलं काय, कोनाचं हाय म्हून?"

मी म्हणालो, "हो. विचारत होते."

"कोन?"

मी गोष्टी शिकवतो. त्या क्षणी मला एक नाव रचता आलं नाही.

फुलवंता म्हणाली, "भाऊजी, राहू द्या."

तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याला गावी नेणाऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर स्टिकर नव्हता. असता तर मी इथे ते लिहिलं असतं आणि तुम्ही हळहळला असता. नव्हता.

मागच्या महिन्यात तुमच्यातल्या एकाने तोच सारस स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, 'प्राऊड ऑफ अवर गोंदिया'. मी खाली अंगठा दिला. तेव्हाही लिहिलं नाही.

आज लिहितो.

हळहळ नको. रडणारे चेहरे नकोत. ज्यांच्या गाडीवर तो सारस आहे त्यांनी एक मार्कर घ्यावा आणि चित्राखाली हाताने लिहावं. मी माझ्या गाडीवर आज सकाळी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. खराब दिसतं.

दिसू द्या.

मोबाईल नंबर लिहू नका. तो आता लागत नाही.

बाकी ओळ तीच.

सुकराम, चित्रकार, बस स्टँडमागे, देवरी.