फ्रीझरमधल्या बाटल्या आणि कारवेंडेलचा चौदा किलोमीटरचा चढ

कणीक भिजवून झाकून ठेवली होती. आंघोळीची बादली आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेली होती, कारण ऑगस्टमध्ये बहरीनमधल्या आमच्या गुदैबिया भागात नळाला सकाळीसुद्धा हात पोळेल असं पाणी येतं. मी बाल्कनीत बसून जुन्या टूथब्रशनं सायकलच्या साखळीतली वाळू काढत होते. तेवढ्यात अकोल्याहून भाऊजींचा फोन आला. माझे धाकटे दीर.

“वहिनी, पोरगी चालली ऑस्ट्रियाले. आता तुम्ही काऊन राह्यता तिथं एकट्या? इथं दोन खोल्या रिकाम्या हायेत.”

“भाऊजी, नोकरी आहे माझी.”

“नोकरी म्हणजे चादरी मोजनं ना? तेवढ्यासाठी परदेशात राहाचं?”

मी फोन ठेवला, हात धुतले आणि पोळ्या लाटल्या. चादरी मोजणं हे खरंच आहे. हॉस्पिटलच्या लिनन विभागात मी सुपरवायझर आहे. माझी मुलगी प्रज्ञा, तिचे पप्पा इथल्याच अस्करच्या कारखान्यात टेक्निशियन होते. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा माझा व्हिसा त्यांच्या नावावर होता. त्यानंतर मी नोकरी धरली आणि व्हिसा स्वतःच्या नावावर करून घेतला. त्याच नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट आता संपत आलं होतं. एचआरनं सांगितलं होतं की सुट्टीवरून आलात की रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, कळवा, पुढची दोन वर्षं राहणार की नाही. प्रज्ञाचं मत भाऊजींसारखंच होतं, फक्त ती ते इंग्रजीत सांगायची.

प्रज्ञाला इन्सब्रुकला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता आणि तिला सोडायला मी जाणार होते. तिथल्या डोंगरांत गाड्यांना बंदी असलेले, सायकलीचे शांत रस्ते आहेत असं मी वाचलं होतं. माझं शाळेतलं शिक्षण आठवीपर्यंतचं. पुढचं सगळं मी वाचून वाचून शिकले, त्यामुळे कुठे जायचं म्हटलं की मी आधी वाचते. आणि सायकल मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले. आमच्याच हॉस्पिटलातली वसईची सिस्टर ज्युली शुक्रवारी पहाटे मागे धावायची आणि ओरडायची, “यल्ला, यल्ला, चल चल, खाली नको बघू!”

आता कामाचं. शेंगेन व्हिसासाठी हॉस्पिटलचं रजेचं पत्र आणि तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागलं. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, दोन महिने आधी धरा. आम्ही म्युनिकला उतरलो आणि तिथून बसनं अडीच तासांत इन्सब्रुकला पोचलो. प्रज्ञाची खोली लावण्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिचं कॉलेजचं काम होतं, म्हणून मी एकटीच ट्रेननं शार्निट्झला जायचं ठरवलं. तास पाऊण तासाचा रस्ता आहे आणि खिडकीची जागा डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूला मिळाली तरी चालते. या छोट्या गावातून कारवेंडेलच्या संरक्षित दरीत रस्ता जातो. शेवटच्या कुरणावरच्या घरापर्यंत चौदा किलोमीटर आणि अडीचशे मीटरच्या वर चढ. ज्यांना डोंगराची सवय आहे ते याला सपाट म्हणतात. बहरीनमध्ये मी चढलेला सगळ्यात मोठा चढ म्हणजे फ्लायओव्हर.

सायकल प्रज्ञानं फोनवरून आधीच बुक केली होती, बॅटरीवाली.

“मम्मी, प्लीज. यू आर फिफ्टी-टू.”

“बावन्न म्हणजे काय शंभर?”

“व्हाय डू यू हॅव टू प्रूव्ह एनीथिंग?”

“दुसऱ्या कुणाला नाही दाखवायचं. एकटीनं जमतं का ते मलाच बघायचंय. जमलं तर रविवारी हो म्हणेन. नाही जमलं तर जाईन अकोल्याला, मग तुझा काका आणि तू दोघंही खूश.”

हे मी बोलून गेले आणि बोलल्यावर लक्षात आलं की ते खरंच आहे.

दुकानात मी बॅटरीवाली बदलून साधी घेतली. दिवसाला तीसेक युरो पडले, म्हणजे आपले बारा-तेरा दिनार. बॅटरीवाली जवळजवळ दुप्पट आहे. दुकानदारानं मला गिअर समजावून सांगितले. बहरीनमध्ये मी चार वर्षांत गिअर कधी बदललाच नव्हता.

रात्रीपुरती गावातल्या एका घरगुती लॉजमध्ये राहिले. तिथे मी जे केलं ते आखातात राहणारा माणूसच करेल. संध्याकाळी लिंबू-मीठ घातलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या मालकिणीला दिल्या आणि त्या फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितल्या. आमच्याकडे सायकलवाले असंच करतात. पहाटे निघायचं, सोबत गोठलेल्या बाटल्या घ्यायच्या, आणि सूर्य वर यायच्या आत खलास, घरी.

“फ्रीझर?” मालकिणीनं दोनदा विचारलं. “शुअर?”

“शुअर,” मी म्हणाले.

पहाटे पाच वाजता निघाले. अंधार होता आणि बाहेर चार अंश. अंगात एकच जॅकेट, हातमोजे नाहीत, आणि पाठीवर तीन किलो बर्फ.

गाव संपल्यावर डांबर संपतं आणि घट्ट दाबलेल्या खडीचा रस्ता सुरू होतो. साधे, जरा रुंद टायर असले तरी पुरतात. उजव्या हाताला नदी आहे. तिचं नाव इसार. अंधारात ती दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. गाडी नाही, हॉर्न नाही, माणूस नाही. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, पण मला ती नीट ऐकता आली नाही, कारण दात वाजत होते. चौथ्या की पाचव्या किलोमीटरला बोटांना ब्रेक कळेनासा झाला. मी उतरले आणि रस्त्याकडेला पडलेल्या ओंडक्यावर बसले. तहान लागली होती. बाटली उघडली, पण आत दगड. काखेत धरली तर काखही गारठली.

तिथे बसून मी भाऊजींना काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले. खूप थंडी होती म्हणून परत फिरले. कुणीही समजून घेतलं असतं, त्याचाच जास्त राग आला. फोन काढला तर रेंज मफी, अजिबात नाही. नाहीतर प्रज्ञाला फोन केला असता आणि तिनं “टर्न बॅक” म्हटलं असतं, आणि मी फिरले असते.

उजाडलं तसा घंटांचा आवाज आला. मधल्या एका कुरणावरून गाई खाली येत होत्या, पंधरा-सोळा तरी असतील, गळ्यात मोठमोठ्या घंटा. मागे सत्तरीचा एक माणूस आणि एक कुत्रा. सप्टेंबरमध्ये या गाई डोंगरावरून गावात आणतात आणि त्यांना फुलांचे मुकुट घालतात हे मी वाचलं होतं, फोटोही पाहिले होते. या गाईंच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

तो माणूस थांबला. माझे हात पाहिले, बाटली पाहिली. काठीनं बाटलीवर टक् टक् केलं. मग वरच्या शिखरांकडे बोट दाखवलं. तिथे ताजा बर्फ पडला होता.

“बर्फ?” तो तोडक्या इंग्रजीत म्हणाला. “इथे? विकायला आणलात?”

आणि असा हसला की कुत्रा भुंकायला लागला. मीसुद्धा हसले. त्यानं थर्मासमधून कसलातरी पाल्याचा गरम चहा झाकणात ओतून दिला. झाकण दोन्ही हातांत धरलं तेव्हा बोटं परत माझी झाली.

“फुलं नाहीत?” मी गाईंकडे बघून विचारलं.

“यंदा नाहीत. घरात कोणी गेलं की घालत नाहीत.” त्यानं कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. “माझी बायको. जुलैत.”

“माझा नवरा,” मी म्हणाले. “चार वर्षं झाली.”

त्यानं मान हलवली. झाकणात आणखी चहा ओतला.

“पुढच्या वर्षी वर जाणार?” मी विचारलं.

त्याला प्रश्नच समजला नाही असं वाटलं. मग म्हणाला, “गवत वर आहे.”

एवढं बोलून तो गाईंमागे निघाला. दहा पावलांवरून वळून ओरडला, “वर कोणी नाही! पाणी आहे, बाक आहे!”

मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि निघाले. सूर्य दरीत उतरला तशी नदी दिसली, काचेच्या हिरव्या बांगडीच्या रंगाची. दोन ठिकाणी सायकल हातात धरून चालले, ते लपवत नाही. मागून बॅटरीवाले तिघे-चौघे पुढे गेले आणि प्रत्येकानं हात केला. सव्वादहाला शेवटच्या घरापाशी पोचले. घराला कुलूप होतं, बाहेर लाकडी बाक, आणि कोरलेल्या ओंडक्यात वाहतं पाणी. ज्यांना जायचं असेल त्यांनी एकच रिकामी बाटली न्यावी. मी दोन तिखट पोळ्या खाल्ल्या, पाणी प्यायले आणि प्रज्ञाच्या पप्पांना मनात सांगितलं, पोचले. रडू आलं नाही. छाती भरून आली, पण ती अभिमानानं. या रस्त्यावर मला कुणी ढकललं नव्हतं आणि कुणी आणलंही नव्हतं.

उतरायला तास लागला. स्टेशनवर प्रज्ञा उभी होती, अर्धा दिवस बुडवून आलेली. फोटो बघून म्हणाली, “दिस इज इन्सेन.” मग ट्रेनमध्ये शेजारच्या अनोळखी मुलीला फोन दाखवून म्हणाली, “माय मदर. नो बॅटरी.” त्या मुलीनं माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. पोरीला माझी ओळख करून देताना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

इन्सब्रुक आल्यावर तिनं माझी बॅग उचलली. उतरताना म्हणाली, “काकाला मी सांगू?” सबंध दिवसात तिनं बोललेलं हे पहिलं मराठी वाक्य.

“नको. मी सांगते.”

शनिवारी दुपारी बहरीनला उतरले. फ्लॅटमध्ये एकटीच्या वस्तू एकटीच्या जागी होत्या आणि मला ते पूर्वीइतकं टोचलं नाही. टोचतं, पण ते आता माझ्या घरातलं आहे. मांड्या अजून दुखत होत्या. भाऊजींना फोन लावला आणि चढाचं सगळं सांगितलं.

“बापा! अन् पडल्या असत्या तं?”

“उठले असते, भाऊजी.”

किती किलोमीटर ते त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, “फोटो पाठवा. पोरायले दाखवतो.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी एचआरमध्ये जाऊन दोन वर्षांच्या रिन्यूअलवर सही केली आणि खाली लिननमध्ये ड्युटीवर गेले.