हिरवळीखालचा तलाव

रोंडा टिडवेल आमच्या नगरपालिकेच्या बागखात्यात बावीस वर्षं माळीकाम करत होती. अलाबामातलं आमचं गाव छोटं. हार्लन पार्कमधली लांबरुंद हिरवळ हा रोंडाचा जीव की प्राण. गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो तिथेच निघालेत.

२०१४च्या मार्चमध्ये त्या हिरवळीवर मॅग्नोलियाचं झाड लावायचं ठरलं. रोंडानं खणायला घेतलं, तर हातभर खोलीवर फावडं ठणकन वाजलं. दगड असेल म्हणून ती जरा बाजूला खणू लागली. तिथेही तेच. मग गुडघ्यांवर बसून तिनं हातानं माती सारली. निळ्या फरशा निघाल्या. एका फरशीवर काळ्या अक्षरांत रंगवलं होतं : ८ फूट.

"अर्नेस्टीन, इकडे ये गं! बघ तरी काय सापडलंय!"

तिच्याबरोबर काम करणारी अर्नेस्टीन साठीची, काळी, मोजकं बोलणारी. ती ट्रकमध्ये जेवत होती. इतक्या वर्षांत ती एकदाही हिरवळीवर जेवायला बसली नव्हती. तिला मुंग्यांचा त्रास होत असेल, असं रोंडा धरून चालली होती. अर्नेस्टीन आली, पण खड्ड्यात वाकून बघितलं नाही.

"पोहायचा तलाव आहे," ती म्हणाली. "गावाचा."

"आपल्या गावात कुठे होता तलाव?"

"होता. बासष्टपर्यंत. तुमच्या गोऱ्या लोकांसाठी. तुझ्या डॅडींना विचार की."

रोंडाचे वडील व्हर्नन एक्याऐंशीचे. वृद्धाश्रमात राहायचे, पण स्मरण लख्ख. रोंडा मातीनं माखलेल्या बुटांनीच त्यांच्या खोलीत शिरली.

"डॅडी, हार्लन पार्कात तलाव होता?"

"होता की. मीच बुजवला तो," ते सहज म्हणाले. "म्हणजे मी, आणि आणखी पाच ट्रकवाले. तीन दिवस माती ओतत होतो."

"पण का?"

"कोर्टानं सांगितलं, सगळ्यांना उघडा. सगळ्यांना म्हणजे त्यांनाही. मग गावानं ठरवलं, कुणालाच नको." तिचा चेहरा बघून ते म्हणाले, "अगं, तुझं काही अडलं का? तुला खासगी क्लबात पोहायला शिकवलं ना मी?"

शिकवलं होतं. क्लबातल्या त्या तलावात एकही काळं मूल नव्हतं आणि हे आपल्याला बावन्न वर्षांत कधी खटकलं नाही, हे रोंडाच्या तिथे उभ्याउभ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी ती अर्नेस्टीनला म्हणाली, "तुला ठाऊक होतं. मला सांगायचं तरी!"

"तू कधी विचारलंस?" अर्नेस्टीननं हातमोजे काढले. "माझी बहीण लोरेटा अकराची होती. कोर्टाचा निकाल लागला तेव्हा आईनं तिला पोहायचा पोशाख शिवला. पिवळा. रोज घालून आरशापुढे उभी राहायची. मग तलाव बुजवला. जुलैत ती तोच पोशाख घालून नदीवर गेली. तिला पोहता येत नव्हतं. कुठे शिकणार होती?"

रोंडानं माफी मागायला तोंड उघडलं, तर अर्नेस्टीन म्हणाली, "मला नको सांगू. गावाला सांग."

बागखात्याच्या साहेबांनी हुकूम सोडला : खड्डा बुजवा, झाड लावा. रोंडानं साफ नकार दिला. पुढच्या महिन्यात ती नगरपालिकेच्या सभेत उभी राहिली. लोरेटाचं नाव तिनं वाचलं आणि मातीचे ट्रक चालवणाऱ्यांमध्ये आपल्या वडिलांचंही. मागून तिचाच भाऊ ओरडला, "म्हाताऱ्याला तरी सोड!" ती वाचत राहिली. मग अर्नेस्टीन उठली. तिच्यापाठोपाठ गावातली आणखी अकरा म्हातारी माणसं उठली. त्यांच्यातल्या प्रत्येकाला तो तलाव आठवत होता. आत कुणीच कधी उतरलं नव्हतं.

एका मताच्या फरकानं ठराव झाला. ती आठ फुटांची बाजू उघडी ठेवली, भोवती कठडा घातला, पाटीवर लोरेटाचं नाव आलं. रोंडाचा भाऊ तिच्याशी बोलत नाही.

वडिलांना मात्र ती दर रविवारी भेटायला जाते. ट्रक रिकामा करताना तुम्हाला काय वाटत होतं, असं तिनं त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऊन फार होतं."